विश्लेषण : खिडकीतून रंगवलेली नदी… कामिय पिसारो उतारवयात शहराकडे का वळले?

फ्रान्समधील रुआँ शहरात १८९६ च्या हिवाळ्यात ६५ वर्षांचे एक चित्रकार नदीकाठच्या हॉटेलात येऊन उतरले. छातीपर्यंत आलेली पांढरी दाढी आणि कायम दुखणारा उजवा डोळा ही त्यांची ओळख. आयुष्यभर शेतात, रानात, गावाबाहेरच्या वाटांवर उभे राहून चित्रे काढणाऱ्या या माणसाला डॉक्टरांनी वारा आणि धूळ टाळायला सांगितले होते. खोलीची खिडकी बंद होती. खाली सीन नदी, तिच्यावरचा लोखंडी पूल, धूर ओकणाऱ्या आगबोटी आणि पावसात कामाला निघालेली माणसे दिसत होती. कामिय पिसारो यांनी हे सारे काचेआडून रंगवले. शहरातल्या नदीची इम्प्रेशनिस्ट चित्रे म्हटली की आज ज्यांचा उल्लेख टाळता येत नाही, त्या चित्रांची सुरुवात अशी एका दुखण्यातून झाली.

पिसारो मूळचे फ्रान्सचे नव्हतेच…

पिसारो यांचा जन्म १० जुलै १८३० रोजी कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर झाला. हे बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, आज ते अमेरिकेकडे आहे. वडील पोर्तुगीज ज्यू वंशाचे, फ्रान्सहून आलेले व्यापारी. त्यांनी आपल्या मामाच्या विधवेशी लग्न केले. नात्यातले हे लग्न बेटावरच्या ज्यू समाजाला रुचले नाही आणि प्रार्थनामंदिराने त्याला कित्येक वर्षे मान्यता दिली नाही. त्यामुळे या घरची मुले समाजाच्या शाळेत न जाता कृष्णवर्णीय मुलांच्या मोराव्हियन शाळेत शिकली. जातीबाहेर टाकलेल्या घरात वाढणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पुढे पिसारो यांना कोणत्याही धर्मसंस्थेविषयी ओढ वाटली नाही, त्याची मुळे इथे असावीत.

बाराव्या वर्षी त्यांना पॅरिसजवळच्या निवासी शाळेत धाडण्यात आले. सतराव्या वर्षी परतल्यावर वडिलांनी दुकानात आणि बंदरावर कारकुनीला लावले. जहाजे लागायची, माल उतरायचा, हमाल पाठीवर गोणी घेऊन ये-जा करायचे आणि हे नोंदवहीच्या कडेला त्यांची रेखाटने करायचे. फ्रिट्झ मेल्बी हा डॅनिश चित्रकार भेटला आणि १८५२ मध्ये पिसारो त्याच्यासोबत व्हेनेझुएलाला निघून गेले. दोन वर्षांनी परतले तेव्हा मुलगा दुकान चालवणार नाही, हे घरच्यांनी स्वीकारले होते. १८५५ मध्ये ते पॅरिसला आले ते कायमचे. नागरिकत्व मात्र शेवटपर्यंत डॅनिशच राहिले.

बंदराचा तो धक्का लक्षात ठेवायला हवा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी रुआँच्या धक्क्यावर तोच हमाल त्यांच्या चित्रात परत आला.

पायपुसण्या झालेली दीड हजार चित्रे

पॅरिसमध्ये त्यांना ज्येष्ठ निसर्गचित्रकार कोरो यांचे मार्गदर्शन मिळाले. एका खासगी चित्रशाळेत क्लोद मोने आणि पॉल सेझान भेटले. आईच्या घरी स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ज्यूली व्हेले या बर्गंडीच्या शेतकरी कुटुंबातल्या मुलीशी त्यांचे सूत जुळले. आईने हे नाते कधी मनापासून मान्य केले नाही. पुढे या दोघांना आठ अपत्ये झाली. पैसे कधीच पुरत नसत. ज्यूली भाजीपाला लावायच्या, कोंबड्या आणि ससे पाळायच्या. घर चालले ते मुख्यतः त्यांच्या कष्टांवर आणि उधारीवर. पिसारो यांच्या चरित्रांत ज्यूलींचा उल्लेख अनेकदा चिडक्या बायको म्हणून येतो. आठ बाळंतपणे आणि रिकामा डबा पाहता तो उल्लेख अन्यायाचा म्हणावा लागेल.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. पिसारो कुटुंबासह आधी एका मित्राच्या शेतघरी आणि मग लंडनला गेले. मागे लुव्हसिएन गावातले त्यांचे घर प्रशियन सैनिकांनी ताब्यात घेतले. घरात वीस वर्षांची, सुमारे दीड हजार चित्रे होती. सैनिकांनी बागेत चिखल झाला म्हणून कॅनव्हास अंथरून त्यावरून वाट केली. पुढच्या वर्षी पिसारो परतले तेव्हा जेमतेम ४० चित्रे हाती लागली. चाळिशीला आलेल्या चित्रकाराचे सुरुवातीचे जवळपास सगळे काम असे बुटांखाली गेले. त्यामुळे इम्प्रेशनिझम नेमका कसा आकाराला आला, याचा एक मोठा पुरावाही नष्ट झाला.

लंडनच्या मुक्कामात दोन गोष्टी पदरात पडल्या. त्यांनी आणि मोने यांनी तिथल्या संग्रहालयांत टर्नर आणि कॉन्स्टेबल यांची चित्रे पाहिली. आणि पॉल दुराँ-रुएल हे कलाविक्रेते भेटले, ज्यांनी पुढे या साऱ्या मंडळींना जगवले. लंडनजवळ क्रॉयडन इथे जून १८७१ मध्ये पिसारो आणि ज्यूली यांनी रीतसर लग्नही केले.

इम्प्रेशनिस्टांत पिसारो यांचे स्थान काय?

सरकारी ‘सलाँ’च्या परीक्षकांना कंटाळून सुमारे ३० चित्रकारांनी एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचे प्रदर्शन भरवले. मोने यांच्या एका चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने टिंगल करत ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द वापरला आणि तोच चिकटला. या गटाची १८८६ पर्यंत आठ प्रदर्शने झाली. मोने, रेन्वार, देगा, सेझान यांपैकी प्रत्येक जण कधी ना कधी गैरहजर राहिला. आठही प्रदर्शनांत ज्यांची चित्रे होती असे चित्रकार एकच, ते म्हणजे पिसारो.

गटाच्या नियमांचा मसुदा करण्यात, भांडणे मिटवण्यात, नव्या मुलांना आत घेण्यात तेच पुढे असत. सेझान त्यांच्या शेजारी बसून बाहेर चित्रे काढायला शिकले. शेअर बाजारात नोकरी करणारे पॉल गोगँ रविवारी त्यांच्याकडे येत. सेझान यांनी आयुष्याच्या अखेरीस, स्वतः मोठे झाल्यावरही, प्रदर्शनाच्या यादीत आपल्या नावापुढे पिसारोंचा शिष्य अशी नोंद करवली. आपल्याकडे गुरूचे नाव लावण्याची पद्धत संगीतात आहे. फ्रेंच चित्रकारांत ती दुर्मीळच.

पन्नाशीनंतर, प्रतिष्ठा जमू लागली होती तेव्हा, त्यांनी एक धोका पत्करला. जॉर्ज सोरा आणि पॉल सिन्याक हे निम्म्या वयाचे चित्रकार शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून चित्र रचत होते. पिसारो त्यांच्या पद्धतीने काम करू लागले. विक्रेते नाराज झाले, जुने मित्र दुरावले, उत्पन्न घटले. चार-पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच ही पद्धत सोडली. एका चित्राला महिने लागत आणि तेवढ्यात समोरचा धूर, ढग, पाणी काहीच जागेवर राहत नसे. पण ही वर्षे वाया गेली असे म्हणता येणार नाही. नंतरच्या नदीच्या चित्रांत पाण्याचा पृष्ठभाग ज्या तुटक, वेगवेगळ्या रंगांच्या फटकाऱ्यांनी बांधलेला दिसतो, ती शिस्त ठिपक्यांच्या काळातली आहे.

डोळ्याला काय झाले होते?

डोळ्यातले पाणी नाकाकडे वाहून नेणारी एक बारीक पिशवी आणि नळी असते. पिसारो यांच्या उजव्या डोळ्याच्या या पिशवीत १८८८ च्या सुमारास संसर्ग झाला. तिथे पू साठायचा, गळू व्हायचे, ते फोडावे लागायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. प्रतिजैविके येण्याला अजून अर्धशतक होते. शस्त्रक्रिया झाल्या, होमिओपॅथी झाली. पिसारो यांचा होमिओपॅथीवर विश्वास होता. दुखणे मात्र हटले नाही. नजर शाबूत होती, पण वारा लागला किंवा धूळ गेली की डोळा सुजायचा आणि पट्टी बांधून आठवडेच्या आठवडे बसून राहावे लागायचे.

उघड्यावर, प्रत्यक्ष समोर पाहून काम करणे हा ज्यांच्या कलेचा पायाच होता, त्यांच्यासाठी ही बंदी म्हणजे पेशाच संपल्यासारखे होते. १८९३ मध्ये उपचारांसाठी पॅरिसला आले असताना त्यांनी साँ-लाझार स्थानकाजवळच्या हॉटेलच्या खोलीतून खालचा रस्ता रंगवून पाहिला. वाट सापडली. एरान्यी या खेड्यातले घर त्यांनी सोडले नाही. ते घर मोने यांच्याकडून १५ हजार फ्रँक उसने घेऊन विकत घेतलेले होते. उन्हाळ्यात गावी, उरलेला काळ कुठल्या तरी शहरातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, असा क्रम सुरू झाला. शेवटच्या दहा वर्षांत त्यांनी शहराची तीनशेहून अधिक चित्रे काढली. साठी उलटल्यावर, एका खिडकीच्या चौकटीत!

रुआँच्या पुलावर काय दिसते?

रुआँ हे पॅरिस आणि समुद्र यांच्यामधले सीनवरचे जुने बंदर. तिथले गॉथिक कॅथीड्रल मोने यांनी वेगवेगळ्या प्रहरी रंगवले होते आणि ती मालिका मे १८९५ मध्ये पॅरिसला दुराँ-रुएल यांच्या दालनात झळकली होती. पिसारो यांनी ती बारकाईने पाहिली आणि त्यांना ती अतिशय आवडली. पुढच्याच जानेवारीत ते रुआँला पोहोचले. पण कॅथीड्रलकडे पाठ करूनच जणू त्यांनी नदीकडे तोंड केले. या मुक्कामात जुन्या शहराच्या छपरांमागे उभे असलेले कॅथीड्रलही त्यांनी एकदा रंगवले, तरी त्यांचे मन रमले ते ब्वाल्द्यू पुलावर. रुआँमध्ये जन्मलेल्या एका संगीतकाराचे नाव लावलेला हा लोखंडी पूल तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. इकडे जुने, देखणे रुआँ, तिकडे साँ-सेव्हेर ही गिरण्या, गोदामे आणि चिमण्यांची कामगार वस्ती. पूल या दोहोंना जोडत होता.

या मालिकेतले एक चित्र टोरोंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओमध्ये आहे. पावसाळी हवा, ओला पूल, त्यावरून जाणाऱ्या घोडागाड्या, पायी निघालेल्यांची गर्दी, धक्क्याला लागलेल्या बोटी, पलीकडे धुरकट वस्ती. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे चित्र मोबाइलवर उघडून बोटांनी मोठे करून पाहावे. पुलावरचा माणूस म्हणजे गडद रंगाचा एक उभा फटकारा. चेहरा नाही, हात नाहीत. तरी तो घाईत आहे हे कळते. आणखी मोठे केले की राखाडी वाटणारे पाणी मुळात राखाडी नसल्याचे दिसते. त्यात फिकट जांभळा, हिरवट, पिवळसर, गुलाबी असे रंग शेजारी शेजारी आहेत. बोटीचा पांढरा धूर आणि ढग कुठे मिळतात, हे सांगता येत नाही.

ही चित्रे एकेक करून पूर्ण होत नसत. खोलीत बरेच कॅनव्हास एकाच वेळी चालू असत. धुके असले की धुक्याचा, ऊन पडले की उन्हाचा, पाऊस लागला की पावसाचा कॅनव्हास पुढे ओढायचा. हवा बदलली की तो बाजूला. अर्ध्या तासासाठी आलेला प्रकाश पुन्हा यायला कधी आठवडा लागे. तैलरंग सावकाश वाळत असल्याने जुन्या थरावर नवा थर चढवायला सवड मिळे, म्हणून जवळून पाहिल्यास ही चित्रे खडबडीत, जाड थरांची दिसतात. क्षणात टिपलेले चित्र ही इम्प्रेशनिझमची लोकप्रिय व्याख्या इथे अपुरी पडते. क्षण एकच, पण तो दहा बैठकांत गोळा केलेला.

याहून महत्त्वाचा मुद्दा विषयाचा. फ्रेंच कलारसिकांना नदी हवी होती ती सहलीची. शिडाच्या होड्या, छत्र्या, झाडांच्या सावल्या. पिसारो यांनी क्रेन, कोळशाचा धूर, लाकडाचे ओंडके, माल उतरवणारे मजूर यांना तेवढाच मान दिला. ते अराजकवादी विचारांचे होते, क्रोपोटकिन वाचणारे होते. १८९४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांची एका अराजकवाद्याने हत्या केल्यानंतर धरपकड सुरू झाली तेव्हा ते काही महिने बेल्जियममध्येच थांबले. मात्र त्यांच्या नदीच्या चित्रांत घोषणा नाही, दारिद्र्याचे प्रदर्शनही नाही. बंदर हे सुंदर असू शकते, एवढेच ती दाखवतात. त्या काळी हे म्हणणेही थोडे नव्हते.

त्याच वर्षी शरद ऋतूत ते पुन्हा रुआँला आले, १८९८ मध्ये आणखी एकदा. १८९६ चे एक ब्वाल्द्यू चित्र अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने १९०० मध्ये विकत घेतले. पोलाद आणि धुराच्या त्या शहराला, ज्याच्या मधोमध नद्या मिळतात, हेच चित्र पसंत पडावे हा योगायोग मजेशीर आहे. खुद्द पूल दुसऱ्या महायुद्धात पाडला गेला. आज रुआँत त्याच नावाचा जो पूल आहे, तो नंतरचा.

खिडकीबाहेर द्वेष, आत शोक

नोव्हेंबर १८९७ मध्ये त्यांचा मुलगा फेलिक्स लंडनमध्ये क्षयाने गेला. वय अवघे २३. तोही चित्रकार होता आणि भावांमध्ये सर्वांत गुणी असे वडिलांना वाटे. महिनाभरातच पिसारो यांनी पॅरिसच्या ‘ओतेल द्यू लुव्हर’मध्ये खोली घेतली आणि काम सुरू केले.

ते दिवस ड्रेफस प्रकरणाचे होते. कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती. १३ जानेवारी १८९८ रोजी एमिल झोला यांनी वृत्तपत्रातून सरकारवर उघड ठपका ठेवला आणि पॅरिसच्या रस्त्यांवर ज्यूंविरोधी घोषणा देणारे जमाव उतरले. पिसारो झोलांच्या बाजूने उभे राहिले. देगा आणि रेन्वार ड्रेफसविरोधी गटात होते. ज्या देगा यांच्यासोबत त्यांनी २०-२५ वर्षे प्रदर्शने भरवली, छापचित्रांचे प्रयोग केले, त्यांनी पिसारो यांच्याशी बोलणे टाकले. जन्माने ज्यू, धर्म न मानणारे पिसारो या वयात पुन्हा बाहेरचे ठरले. त्या हिवाळ्यात त्यांनी वरून रंगवलेल्या आव्हेन्यू द लोपेरा या रस्त्यावर बग्ग्या धावताहेत, लोक चालताहेत, पाऊस पडतोय. जमाव कुठेच नाही. हे पाहणाऱ्याला काहीसे खटकते. त्यांनी तो मुद्दाम गाळला की कॅनव्हासवर त्याला जागा देण्यालायक मानले नाही, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

शेवटची खिडकी

१९०० मध्ये पिसारो यांनी पॅरिसच्या मध्यभागी, सीन नदीतल्या सिते बेटाच्या टोकाशी घर भाड्याने घेतले. पत्ता, २८ प्लास दोफिन. नावाने ‘नवा’ पण शहरातला सर्वांत जुना असलेला पाँ नफ हा पूल, राजा चौथ्या हेन्रीचा अश्वारूढ पुतळा, पलीकडे पाँ देझार हा पादचारी पूल आणि उजव्या तीरावर लुव्हरची लांबलचक इमारत असा सारा देखावा घरातूनच दिसे. तीन हिवाळे त्यांनी तो रंगवला. बर्फातले लुव्हर १९०२ चे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १९०३ चे सीन आणि लुव्हर हे चित्र पॅरिसच्या म्युझे दॉर्सेमध्ये आहे. त्यात झाडे निष्पर्ण, नदी दुधी, समोरची राजवाड्याची इमारत धुक्यात जवळपास विरघळलेली. रुआँच्या चित्रांतला गोंगाट इथे निवळलेला आहे.

याच घरात त्यांनी स्वतःचे शेवटचे व्यक्तिचित्र काढले. डोक्यावर हॅट, चष्म्यावरून पाहणारे डोळे आणि मागे खिडकी. ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.

१९०३ च्या वसंतात ते नदीकाठच्या केई व्होल्तेअर इथल्या हॉटेलात राहिले, उन्हाळ्यात ल हाव्हरच्या बंदरावर गेले. शरद ऋतूत नदीचे नवे दृश्य हवे म्हणून बुलव्हार मोरलाँ इथे जागा घेतली. तिथेच आजारी पडले आणि १३ नोव्हेंबर १९०३ रोजी, ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दफन पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत झाले. पाचही मुलगे चित्रकार झाले. लंडनला स्थायिक झालेल्या थोरल्या ल्यूसिएनला त्यांनी लिहिलेली पत्रे इम्प्रेशनिझमच्या अभ्यासाचे एक मुख्य साधन ठरली आहेत.

चित्रांचा वनवास

केई व्होल्तेअरच्या त्या शेवटच्या वसंतात काढलेल्या चित्रांत केई मालाके या नदीकाठच्या रस्त्याचे एक चित्र होते. ते पुढे व्हिएन्नात राहणारे जर्मन प्रकाशक गॉटफ्रीड बर्मन फिशर यांच्याकडे आले. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर हे ज्यू कुटुंब जीव वाचवून पळाले आणि गेस्टापोने चित्र जप्त केले. त्यानंतर जवळपास सात दशके ते कुटुंबाला दिसले नाही. २००७ मध्ये झुरिकमधल्या एका बँकेच्या तिजोरीत ते सापडले. तिजोरीचा संबंध ब्रूनो लोझे यांच्याशी होता. हेरमान गोरिंगसाठी पॅरिसमधून चित्रे लुटणारे कलाविक्रेते ते हेच. प्रकाशकाच्या मुलीला वडिलांचे चित्र परत मिळाले आणि २००९ मध्ये न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला.

ओतेल द्यू लुव्हरमधून रंगवलेले पावसातल्या र्‍यू साँ-ओनोरे या रस्त्याचे चित्र मात्र अजून वादात आहे. १९३९ मध्ये जर्मनी सोडण्याच्या परवान्यासाठी लिली कासिरर या ज्यू महिलेला ते नाझींच्या मूल्यांककाला देऊन टाकावे लागले. सध्या ते माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिझा संग्रहालयात आहे आणि ते परत मिळावे म्हणून कासिरर यांचे वारस २००५ पासून अमेरिकेतल्या न्यायालयांत लढत आहेत. वारसांविरुद्ध गेलेले निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आधी २०२२ मध्ये आणि नंतर मार्च २०२५ मध्ये रद्द करून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे फेरविचारासाठी पाठवले.